चावीखालचं मेण

३ सप्टेंबर १९४५

अर्धा तास. एकट्याचा! औरंगाबादच्या रेडिओवर, सात नोव्हेंबरला, संध्याकाळी सहा वाजता. पत्र तीनदा वाचलं. 'जगन्नाथ राजूरकर, क्लॅरिनेट' — एवढंच. पुढे 'आणि पार्टी' नाही, नवरदेवाचं नाव नाही, वरातीचा रस्ता नाही.

द्वारकाला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "मंग माझी सवत आता डब्यात बसून गानार म्हना की!" लग्न झाल्यापासून ती क्लॅरिनेटला सवतच म्हणते. पण हसली मनापासून. पिठाच्या हातानंच पत्राला नमस्कार केला.

मला मात्र व्हायला हवा तेवढा आनंद झाला नाही. चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी. हेच पत्र तिशीत आलं असतं तर जालन्यात मस्तगडापासून स्टेशनपर्यंत नाचत गेलो असतो. आज पहिल्यांदा मनात आलं ते हे, की खालचा ओठ आतून सोललाय, तो तोवर भरेल का.

५ सप्टेंबर

मच्छिंद्रला सांगितलं. बँड त्याचा. बावीस वर्षं त्याच्या बँडच्या पुढे चालतोय मी. म्हणाला, "बहोत अच्छा! पर तिथं ते देवापुढचं रडगाणं नका लावू. वरातीतलं वाजवा. लोक नाचतील."

म्हटलं, "रेडिओ लोक घरात बसून ऐकतात."

"मंग घरात नाचतील!"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. भला आहे, कानानं नाही.

१६ सप्टेंबर

रेडिओवाल्यांनी विचारलंय, काय वाजवणार ते कळवा. दुपारभर कागद घेऊन बसलो.

मला राग येतात किती? वहीत कशाला फुशारकी मारायची — नावाला चौदा. पोटभर सात. आणि डोळे मिटून ज्याच्या भरवशावर बसावं असा एकच, श्री. बाकीचे वरातीनं झिजवले. यमन आठ मिनिटांचा झालाय, कारण चौकापासून मांडवापर्यंत तेवढंच अंतर असतं. भूप पंगतीचा. जोगिया पाठवणीचा — माझा जोगिया ऐकून बायका रडतात, याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता! मग एकदा क्लॅरिनेटच बिघडलं, कोणी काहीच वाजवलं नाही, तरी तेवढ्याच रडल्या. पोरगी सासरी चालली म्हणून रडतात हो त्या.

श्री मात्र वरातीत कधी वाजवला नाही. कोणी मागितलाही नाही. तो दर संकष्टीला राजूरच्या गणपतीपुढे, दिवेलागणीच्या आधी, आणि घरी. एवढाच शिल्लक राहिलाय धड.

लिहून टाकलं — श्री, वीस मिनिटं. उरलेल्यात एखादी धून. तबल्याला कडूबा.

२० सप्टेंबर

श्रीचा ऋषभ आज इतका बरोबर बसला, की उस्तादांची आठवण झाली. दावलखाँ उस्ताद. जालन्याच्या छावणीतल्या पलटणीच्या बँडात होते. पलटण गेली, ते राहिले, आणि त्यांच्याबरोबर हे वाद्य राहिलं. आमच्या घरी राजूरला पिढ्यान् पिढ्या सनई. मी चौदाव्या वर्षी सनई सोडून या काळ्या नळीमागे आलो, तेव्हा बापानं वर्षभर तोंड पाहिलं नाही.

गोऱ्यांनी केलेलं वाद्य. त्याचे सूर ठरलेले, खिळ्यांनी ठोकल्यासारखे. श्रीचा कोमल ऋषभ त्यात नाहीच — आहे तो चढा, कोरडा. सात वर्षं मी तो ओठानं खाली ओढायला बघत होतो. उस्ताद ऐकायचे आणि मान हलवायचे. "अभी नहीं." पुन्हा दुसऱ्या दिवशी, "अभी नहीं."

शेवटी एक दिवस त्यांनी वाद्य मागून घेतलं. पाठ फिरवून बसले. खालच्या जोडाची एक चावी उचलून तिच्या खालच्या भोकात मेण बसवलं. भोक लहान, सूर खाली. म्हणाले, "मेण मुरना पडता. हाथ नक्को लगाना. देखना भी नक्को." मी आजवर ती चावी उचलून पाहिलेली नाही. गुरूची आज्ञा!

आणि मेण मुरायला सहा महिने लागले. माझं लग्न झालं त्या वर्षीच्या दसऱ्याला उस्ताद घरी सोनं द्यायला आले, मी दिवेलागणीला श्री धरला, आणि ते ताठ बसले. "आज बैठा. आज बराबर बैठा, बेटा!" डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या. त्या दिवसापासून तो सूर हललेला नाही. लोक वाहवा करतात तेव्हा मी मनात म्हणतो, मला नका सांगू, चावीखाली बसलेत त्यांना सांगा.

उस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली.

२ ऑक्टोबर

लढाई संपली म्हणतात, पण क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची विलायती पत्ती अजून मिळत नाही. बोरू तासून स्वतः केल्या. सहातली एक बोलते.

८ ऑक्टोबर

कडूबाबरोबर दीड तास. तो तबला पुसत म्हणाला, "जगूदा, आज लई मोकळं वाजवून राह्यले तुमी." मोकळं वगैरे काही नाही, दमून वाजवत होतो. पण बरं वाटलं.

मच्छिंद्रला सांगितलं, या नवरात्रात मी अंबडच्या देवीला बँडाबरोबर येत नाही. घरी माझ्या वाद्यावर तालीम करणार — बँडाबरोबर जाताना मी मच्छिंद्रचं क्लॅरिनेट नेतो, माझं घरीच राहतं. त्यानं तोंड वाकडं केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी खंडेनवमीला घरी असेन.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी



दुपारी अंगणातून आलो. द्वारका ओट्यावर बसली होती. पुढे पाट, पाटावर विळी, उखळाचं मुसळ, माझा जुना करवत — पूजेसाठी सगळं घासून मांडलेलं. आणि मांडीवर क्लॅरिनेट. उघडं. जोड सोडवलेले. डाव्या हातानं चावी उचलून धरलेली, आणि उजव्या हातातली कडुलिंबाची काडी — टोकाला चिंधी गुंडाळून — त्या चावीखालच्या भोकात! ती चावी!

मी ओरडलो. असा ओरडलो की शेजारची झुंबरबाई कुंपणाशी आली. हिसकावून घेतलं, उन्हात धरलं, आयुष्यात पहिल्यांदा त्या भोकात पाहिलं. स्वच्छ. लाकूड चकचकीत. मेणाचा कणही नाही! शेजारच्या ताटलीत काळा मळ पडलेला.

ती म्हणाली, "आवं, आईकून तर घ्या—"

"एक अक्षर बोलू नको!"

"तसं न्हाई, मी—"

"माझा गुरू होता त्यात! माझा गुरू खरवडून काढलास तू!"

 तिचा हात तसाच वर राहिला होता, काडी धरलेला. नवमीला हत्यारं घासायची, ती पूजायची — वाद्य हे माझं हत्यार, म्हणून तिनं घासलं. चूक तरी काय म्हणायची? पण माझं जे गेलं ते गेलं.

१५ ऑक्टोबर, दसरा

दिवेलागणीला वाजवून पाहिलं. ऋषभ चढा. कोरडा. बावीस वर्षांपूर्वी होता तसाच्या तसा. खाली ठेवलं. कोणाकडे सोनं द्यायला गेलो नाही.

१९ ऑक्टोबर

चांभाराकडून मेण आणलं. तो दोऱ्याला लावतो ते. दिव्यावर मऊ करून काडीनं भोकात बसवलं. तांदळाएवढं घातलं — सूर खाली गेला, पण पार खाली, षड्जाच्या अंगावर. अर्धं काढलं, तरी खाली. मोहरीएवढं ठेवलं, तरी तो सूर नव्हे. सगळं काढलं — चढा! सकाळपासून चार वेळा भरलं, चार वेळा काढलं. मेण असलं तरी उस्ताद नाहीत, नसलं तरी नाहीत. त्यांच्या बोटाला काय माप होतं कोण जाणे.

द्वारकाशी बोलत नाही. ती भाकरी वाढते, मी खातो. "मीठ पाहिजे का?" विचारते, मी मान हलवतो. काल परत "आईका—" म्हणाली. मी उठून बाहेर गेलो. माझ्यात एवढा खुनशीपणा आहे हे मला माहीत नव्हतं. लाज वाटते, पण थांबवता येत नाही.

२० ऑक्टोबर

पुन्हा मेण. पुन्हा काढलं.

२४ ऑक्टोबर, संकष्टी

राजूर. गणपतीपुढे बसलो. मुद्दाम बिनमेणाचं नेलं होतं, म्हटलं देवापुढे तरी लागेल. धैवत आला, पंचम आला, खाली उतरत ऋषभापाशी आलो आणि पाय अडखळावा तसा अडखळलो. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. पंधरा मिनिटांचं सहा मिनिटांत आवरलं. लोकांना काही कळलं नाही, ते चंद्राची वाट बघत होते.

थोरल्या भावाला कळलं. पुंजारामदादा अजून देवळात सनई वाजवतो. प्रसाद देताना म्हणाला, "जगू, आज काय झालं रे? तुझा आवाज आल्ता, पर तू न्हाई आल्ता."

मेणाचं सांगितलं. द्वारकानं काढलं तेही सांगितलं.  तो म्हणाला, "आमच्या सनईला चावी बी न्हाई आन् मेण बी न्हाई. सूर वठातच शोधा लागतो." मला त्याचा राग आला. बापाचंच बोलणं. मी सनई सोडली ते घरचे अजून विसरलेले नाहीत.

२६ ऑक्टोबर

लेकीचं, सोनूचं, वाटूरहून पत्र. सासरी शेतात कापूस फुटलाय, दिवाळीला येणं जमत नाही. बरंच झालं. घरात दोन माणसं मुकी असताना पोरगी कशाला यायला हवी.

२८ ऑक्टोबर

कडूबा तालमीला आला. वीस मिनिटं झाल्यावर त्यानं हात थांबवला. "रागावू नका. तुमी वाजवून न्हाई राह्यले. मोजून राह्यले. रिषभाच्या आधी दोन मात्रा तुमचा श्वास आडतो."

म्हटलं, "मेण गेलंय कडूबा."

"मेण!" म्हणाला. "बारा वर्षं तुमच्या मागं वाजवतो. मला वाटलं तुमी वाजवता."

तो गेल्यावर आरशात ओठ पाहिला. भरलाय चांगला. ज्याची काळजी होती ते बरं झालं, आणि जे पक्कं धरलं होतं तेच गेलं.

३० ऑक्टोबर

काहीच वाजवलं नाही. हे वाद्य बिघडलंय की मी? एवढं दमल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं — बारा कोस वरात चालूनही नाही.

१ नोव्हेंबर

मच्छिंद्र येऊन गेला. तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताची वरात ठरलीये. "रेडिओचं झालं की या जल्दी." म्हटलं, रेडिओचं बहुतेक होत नाही. त्याला वाईट वाटलं — खरंच वाटलं. म्हणाला, "आमी समदे आईकनार होतो. दुकानापुढं रेडिओचा बाजा ठेवा म्हनून मी सांगून आल्तो." मग दारातून वळून, "तेच वाजवा की मंग, रडगाणं. मी काय बोलनार न्हाई."

हा माणूस एवढा भला असू नये.

३ नोव्हेंबर

ठरलं. मंगळवारी तार करतो — प्रकृती ठीक नाही, येणं होत नाही. वीस शब्दांचा मजकूर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवला. धून वाजवून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांना श्री कळवलाय, आणि श्री सोडून माझ्याजवळ त्यांनी ऐकावं असं दुसरं आहे काय? बँडवाला होतो, बँडवाला राहू. वाईट काय आहे त्यात? पोट भरलं, पोरगी उजवली.

द्वारकानं मजकूर वाचला असावा. सदरा धुवायला घेतला होता, तर कागद नीट घडी घालून खिडकीत ठेवलेला सापडला. तिला अक्षरं जोडून वाचता येतं, मीच शिकवलंय.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पणत्या तिनं एकटीनं लावल्या. चांगल्या लावल्यात. सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी तिनं पाट मांडला, रांगोळी काढली. पाडव्याचं औक्षण टाळता येत नाही, बसलो. ओवाळून झालं. मी ओवाळणी टाकायला हात पुढे केला, तर तिनं ताट मागे घेतलं. "मला लुगडं नको, चोळी नको. आईकून घ्या. तेवढीच ओवाळणी."

पाटावरून उठून जाता येत नाही. ऐकलं.

"मेण मी यंदा न्हाई काढलं. यंदा तिथं मेण नव्हतंच. आपल्या लग्नाच्या वर्षी काढलं — पयल्या नवमीला. नवी होते, मळ हाय समजले. दर नवमीला तुमी अंबडला जाता, दर नवमीला मी ते भोक पुसते. त्या वर्षी दसऱ्याच्या सांजी तुमी वाजवलं, उस्ताद रडले. मी दारात त्यांच्या पाया पडले, सांगितलं — बाबा, माझ्या हातून मेण गेलं. ते हसले. म्हनले, 'मेण नहीं था, तो भी बैठा? मंग वो उसका है, बेटी. उसको बोलना नक्को. डर जाएगा.'"

निरांजन तिच्या हातात तसंच होतं.  बावीस वर्षं! मी तिला काय काय बोललो.

तारेचा कागद चुलीत घातला. तिला म्हटलं, परवा सकाळच्या गाडीनं तूही चल. ती म्हणाली, "सवतीसंगं?"

भीती वाटतेय. आता बेसूर लागला तर उस्तादांवर ढकलता येणार नाही.